ट्रान्सपोर्ट : माल, मन आणि माणूस पलीकडे नेणारं क्रियापद

ज्यांना गर्दीत हेडफोन लावून ऐकणं जमत नाही, वाचणंच बरं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले 'तर', 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे गाळलेत. जे राहिलेत ते गोड मानून घ्या.

आजचा शब्द आहे ट्रान्सपोर्ट. आपल्या कानाला हा शब्द अगदी साधा आहे. ट्रकच्या दारावर तो असतो, गल्लीतल्या टेम्पोवाल्याच्या पाटीवर असतो, बिलात 'ट्रान्सपोर्ट एक्स्ट्रा' म्हणून असतो. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला तो अजून एका ठिकाणी भेटतो. नेटवर्किंगमध्ये 'ट्रान्सपोर्ट लेयर' नावाची गोष्ट असते. तुमच्या फोनमधून निघालेला डेटा समोरच्या मशीनवरच्या नेमक्या प्रोग्रॅमपर्यंत नेऊन देणं, हे तिचं काम.

पण १८६० साली मुंबईतल्या एखाद्या कोर्टात न्यायाधीशाने हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकायची. कारण तेव्हा 'ट्रान्सपोर्ट' होणारी वस्तू म्हणजे माल नव्हे, माणूस. आणि पोचायचं ठिकाण समुद्रापलीकडे. आपण मराठीत ज्याला काळं पाणी म्हणतो, त्याचं कायद्याच्या इंग्रजीतलं नाव 'ट्रान्सपोर्टेशन' असं होतं. इतका रुक्ष, गोदामातला शब्द एवढ्या भयंकर शिक्षेला का दिला असेल? उत्तर शोधायला आधी शब्दाच्या मुळाशी जाऊ. तिथे आपलीच नातेवाईक मंडळी भेटतात.

लॅटिनमध्ये 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे आणि 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणं. दोन्ही मिळून पलीकडे वाहून नेणं. तिथून फ्रेंचमध्ये, आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लिशमध्ये. आता गंमत बघा. लॅटिनच्या 'ट्रान्स'चं मूळ आणि संस्कृतच्या 'तॄ' या धातूचं मूळ एकच, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या धातूची पिलावळ मराठीत केवढी आहे! तरणे, तारणे, तारू, उतरणे, उतार, उतारू. तीर्थ म्हणजे मुळात नदी जिथून ओलांडता येते ती जागा. अवतार म्हणजे खाली उतरून येणं. कोकणात खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीला 'तर' म्हणतात, तीही याच घरातली.

आणि 'पोर्तारे'? त्याचं नातं आपल्या 'पार'शी. पार म्हणजे पलीकडचा काठ. पार पाडणे, पारंगत, पारायण, सगळे त्या काठाला लागलेले शब्द. इंग्लिशमधला 'फेरी' म्हणजे नावेने पलीकडे नेणं, आणि 'फेअर' म्हणजे भाडं, हेही याच कुळातले. थोडक्यात, 'ट्रान्सपोर्ट' या शब्दाचे दोन्ही तुकडे उलगडले की खाली 'तर' आणि 'पार' सापडतात. टेम्पोवरचा शब्द परका वाटतो खरा, पण हाडामांसाने तो कोकणातल्या तरीवरच्या माणसाला सहज कळावा असा आहे.

('वाहतूक' हा आपला शब्दसुद्धा एकटा नाही. 'वह्' हा त्याचा धातू, आणि इंग्लिशमधलं 'व्हेइकल' त्याच मुळाचं. पण तिकडे गेलो तर हा भाग दोन तासांचा होईल.)

इंग्लिशमध्ये आल्यावर या शब्दाला दोन वेगळ्या फांद्या फुटल्या. एक फांदी मनाची. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 'ट्रान्सपोर्ट होणे' याचा अर्थ आनंदाने, रागाने, भक्तीने भान हरपणं असाही व्हायला लागला. आपण 'वाहवत गेलो' म्हणतो ना, तेच. मनाला कुणीतरी उचलून पलीकडे नेलं. 'स्पोर्ट' या शब्दाचीही हीच गोष्ट आहे. जुन्या फ्रेंचमधल्या 'देस्पोर्ते'पासून तो आला, आणि त्याचा अर्थ होता मनाला कामाधामापासून दूर नेणं. म्हणजे मॅच बघणं हे शब्दशः मनाचं ट्रान्सपोर्टच.

शेक्सपियरला हा दुहेरी अर्थ फार आवडायचा असं दिसतं. 'द टेम्पेस्ट' मधला प्रॉस्पेरो पुस्तकांत इतका वाहवत जातो की त्याचं राज्य हातचं जातं, आणि मग त्याला खरोखरच नावेत घालून समुद्रात सोडून देतात. आधी मन गेलं, मग देह गेला. आणि 'मेझर फॉर मेझर' मध्ये तर हेच क्रियापद माणसाला परलोकी धाडण्यासाठी वापरलंय. आपल्याकडचे सिनेमातले भाई लोक 'वर पाठवतो' म्हणतात, तसंच काहीसं.

दुसरी फांदी कायद्याची, आणि आपली आजची गोष्ट तीच आहे.

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून गुन्हेगारांना समुद्रापार हाकलण्याची कल्पना कायद्यात होती. पण तिचं पक्कं यंत्र झालं ते १७१८ सालच्या कायद्याने. छोट्या चोऱ्यांना सात वर्षं, आणि फाशी माफ झालेल्यांना चौदा वर्षं, अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवायचं. पाठवणार कोण? सरकारकडे त्यासाठी जहाजं नव्हती. मग कंत्राट दिलं. लंडनच्या जोनाथन फॉरवर्ड नावाच्या व्यापाऱ्याला न्यूगेट तुरुंगातल्या दर कैद्यामागे ३ पौंड मिळायचे. शिवाय पलीकडे मेरीलँड-व्हर्जिनियात पोचल्यावर त्या कैद्याची मजुरी, त्याची ती सात-चौदा वर्षं, तो मळेवाल्यांना विकू शकत असे. अलीकडे भाडं आणि पलीकडे किंमत.

आता कळतं की शिक्षेचं नाव वाहतुकीचं का आहे. ती वाहतूकच होती. हद्दपारीला जुन्या भाषेत राजाज्ञेचा, अपमानाचा वास होता. 'ट्रान्सपोर्टेशन' मध्ये मात्र जहाज, कंत्राटदार आणि डोईमागे दर होता. या मार्गाने सुमारे पन्नास हजार माणसं अमेरिकेत गेली.

१७७५ ला अमेरिकेत बंड झालं आणि हा मार्ग बंद पडला. इंग्लंडचे तुरुंग भरले. थेम्स नदीत जुनी जहाजं नांगरून त्यात कैदी कोंबले. शेवटी १३ मे १७८७ ला अकरा जहाजांचा ताफा पोर्ट्समथहून निघाला आणि जानेवारी १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाला लागला. पुढच्या ८० वर्षांत सुमारे १ लाख ६२ हजार कैदी तिकडे गेले.

त्यातल्या दुसऱ्या ताफ्याबद्दल थोडं थांबून सांगतो. १७९० चा ताफा. याचं कंत्राट गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या एका कंपनीला मिळालं होतं. पैसे कशाचे? तर जहाजावर चढवलेल्या डोक्यांचे. उतरवलेल्या नव्हे. आता तुम्हीच हिशोब करा. कैदी वाटेत मेला तर त्याचं उरलेलं अन्न वाचतं, ते सिडनीला विकता येतं, आणि त्याचं भाडं तर आधीच खिशात. सुमारे हजार कैद्यांपैकी चौथा हिस्सा वाटेतच मेला. पोचले त्यातले कित्येक उचलूनच उतरवावे लागले. पुढे बोभाटा झाला आणि नंतरच्या कंत्राटांत माणूस जिवंत पोचला तरच रकमेचा काही भाग द्यायचा असं ठरू लागलं.

ट्रान्सपोर्ट लेयरमध्ये टीसीपी नावाचा जो प्रोटोकॉल आहे, तो याच बाबतीत हटवादी आहे. डेटा पाठवला म्हणजे काम झालं असं तो मानत नाही. समोरून पोचपावती आली तरच झालं, नाही तर परत पाठव. १७९० च्या कंत्राटात पोचपावतीचं कलमच नव्हतं. डेटा परत पाठवता येतो. माणसाच्या बाबतीत ती सोय नाही.

परत येणं हाही गुन्हा होता बरं का. मुदत संपण्याआधी कुणी इंग्लंडमध्ये परतला तर १८३४ पर्यंत त्याला फाशी होऊ शकत असे. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' मधला मॅग्विच लपतछपत येतो आणि सगळे एवढे का घाबरतात, ते यावरून कळतं.

हा झाला गोऱ्यांचा इतिहास. शाळेत, सिनेमात कधीतरी कानावर पडतो. पण त्याच वर्षांत ईस्ट इंडिया कंपनी आपल्या इथून माणसं नेत होती, हे कमी लोकांना माहीत असतं. आणि 'काळं पाणी म्हणजे अंदमान' हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की अंदमानच्या आधीची ७० वर्षं गळूनच जातात.

१७८७ च्या सुमारास सुमात्रातल्या बेंकुलेनपासून सुरुवात झाली. मग पेनांग. १८१५ पासून मॉरिशस. १८२५ पासून सिंगापूर. शिवाय ब्रह्मदेशाचा दक्षिण किनारा. मॉरिशसला बंगाल आणि मुंबई अशा दोन्ही इलाख्यांतून कैदी गेले. आज मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे हे आपण कौतुकाने सांगतो. तो मुख्यतः नंतर करारावर नेलेल्या मजुरांचा. पण त्यांची बोटं लागण्याआधी तिथले रस्ते बांधायला बेड्या घातलेले हिंदुस्थानी लोक लागले होते. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन आपल्या सफरीवरून परतताना तिथे थांबला आणि त्याने त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय. तो नुकताच सिडनीचे कैदी बघून आला होता. त्यांच्या तुलनेत हे लोक दिसायला किती भारदस्त आणि वागायला किती शांत, याचं त्याला नवल वाटलं.

सिंगापूरला गेलात तर शहराच्या मधोमध सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल दिसेल. पांढरंशुभ्र, फोटो काढण्यासारखं. ते १८५० आणि ६० च्या दशकांत हिंदुस्थानी कैद्यांनी बांधलं. राष्ट्राध्यक्षांचं 'इस्ताना' हे निवासस्थानही त्यांच्याच हातचं. बंगाल आणि मद्रासकडच्या कैद्यांच्या कपाळावर तर त्यांचा गुन्हा गोंदवून पाठवत. ही चाल १८४९ ला बंद झाली. गोंदण ही आपल्याकडे आजीच्या हातावरची तुळस. तीच सुई कपाळावर अशी चालवली.

यामागे इंग्रजांचा एक हिशोब होता. समुद्र ओलांडला की जात जाते, घरदार जातं, माणूस परत आला तरी त्याला कुणी घरात घेत नाही, हे त्यांनी ऐकलं होतं. फाशी लोक डोळ्यांनी बघतात, तुरुंग गावाबाहेर दिसतो. पण समुद्रापलीकडे काय होतं ते कुणालाच दिसत नाही. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा दिला, तेव्हा या शिक्षेच्या बाजूने हाच मुद्दा होता. शिक्षेपेक्षा तिची अनामिक भीती मोठी, आणि म्हणून ती स्वस्त आणि परिणामकारक. वाचताना मला ते एखाद्या प्रॉडक्टच्या मीटिंगसारखं वाटलं.

१८५७ झालं. हजारो कैदी, आणि ठेवायचे कुठे? १० मार्च १८५८ ला जे. पी. वॉकर नावाचा डॉक्टर दोनशे कैदी घेऊन अंदमानला उतरला. ज्या सेल्युलर जेलचे फोटो आपण बघतो, ती खूप नंतरची. तिचं काम १८९६ ला सुरू झालं आणि १९०६ ला संपलं. मधली जवळजवळ ४० वर्षं अंदमान म्हणजे कोठडी नव्हती. जंगल तोडणं, दलदल भरणं, ताप, आणि चारी बाजूंनी समुद्राची भिंत.

आणि १८६० ला भारतीय दंडसंहिता आली. शिक्षांच्या यादीत फाशीच्या खालोखाल 'ट्रान्सपोर्टेशन'. पण त्यातलं एक कलम तुम्हाला मुद्दाम सांगायचंय, कलम ५६. आरोपी युरोपियन किंवा अमेरिकन असेल तर त्याला ट्रान्सपोर्टेशन द्यायचं नाही, त्याऐवजी सक्तमजुरीची दुसरी शिक्षा द्यायची. म्हणजे ज्या शब्दाने दीडशे वर्षं इंग्लंडच्या गरिबांना देशोधडीला लावलं, तो हिंदुस्थानात आल्यावर फक्त काळ्या कातडीसाठी राखून ठेवला. कायदा सगळ्यांना सारखा म्हणतात ना, तो या पानावर तरी नव्हता.

आता आपल्या ओळखीची माणसं. १८७९ ला वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना एडनला नेलं. एडन कुठे, तर येमेनच्या टोकाला. पण कागदोपत्री एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्यातून चालायचा! समुद्र ओलांडून नेलेला माणूस सरकारी नकाशावर त्याच इलाख्यात होता. तिथल्या तुरुंगातून ते एकदा निसटले, पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले.

२२ जुलै १९०८ ला टिळकांना मुंबईत सहा वर्षांची शिक्षा झाली. शाळेत आपण 'सहा वर्षांचा तुरुंगवास' पाठ केलं, पण न्यायमूर्ती दावर यांनी सुनावलेली शिक्षा होती सहा वर्षं ट्रान्सपोर्टेशनची. राजद्रोहाच्या कलमात तेव्हा ही शिक्षाही होती. नंतर तिचं साध्या कैदेत रूपांतर झालं आणि त्यांना मंडालेला नेलं. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला, तो याच वेळी.

मंडालेचं नाव घेतलं की मला नेहमी रत्नागिरी आठवते, आणि त्याला कारण आहे. १८८५ ला इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला त्याच्या राजधानीतून उचललं. ती राजधानी म्हणजे मंडाले. त्याला आधी मद्रासला आणि मग १८८६ ला रत्नागिरीला आणून ठेवलं. तो १९१६ मध्ये तिथेच वारला. आणि टिळकांचा जन्म कुठला? रत्नागिरीचा. म्हणजे १९०८ ते १९१४ या काळात मंडालेचा राजा रत्नागिरीत बसून समुद्र बघतोय, आणि रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत बसून गीतारहस्य लिहितोय. एकाच सरकारने दोघांची अदलाबदल केली. कायद्याने दोन्ही प्रकार वेगळे होते, राजाला कुणी शिक्षा ठोठावली नव्हती. पण पलीकडे वाहून नेणं दोघांच्याही नशिबी आलं. थिबा पॅलेस बघायला गेलात तर त्याच्या गच्चीवरून खाडीकडे बघताना हे आठवा.

मग सावरकर. दोन जन्मठेपी, एकापाठोपाठ एक भोगायच्या, एकूण ५० वर्षं. ४ जुलै १९११ ला ते अंदमानात पोचले. गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचं साल होतं १९६०. १९२१ ला त्यांना आणि बाबारावांना मुख्य भूमीवर परत आणलं. पुढे १९२४ ला सुटका झाली ती अटीवर, की रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही. पुन्हा रत्नागिरी! आणि आधी पलीकडे नेण्याची शिक्षा, मग हलू न देण्याची.

त्यांच्या आठवणींचं पुस्तक 'माझी जन्मठेप' नावाने १९२७ ला आलं. इंग्रजी भाषांतरात तिथे 'ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ' असे शब्द आले. आणि इथे मराठीने एक गंमत करून ठेवलीय. इंग्लिश शब्दात नेणं आहे, प्रवास आहे, समुद्र आहे. 'जन्मठेप' मध्ये यातलं काहीच नाही, फक्त जन्म आहे. समुद्रासाठी आपण वेगळा शब्द ठेवला, काळं पाणी. त्यामुळे पुढे जेव्हा समुद्र गेला, तेव्हा मराठी वाचकाला काही बदललेलं जाणवलंच नाही. इंग्लिशची मात्र पंचाईत झाली.

कारण १९४२ ला जपानने अंदमान घेतलं. महायुद्ध संपलं, कैद्यांची वसाहत मोडली. आता कोर्टांनी 'ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ' सुनावायचं, आणि पाठवायचं कुठे? ठिकाणच शिल्लक नाही. तरी शिक्षा सुनावल्या जात होत्या. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका हिंदुस्थानी खटल्यात सांगून टाकलं की ही आता नावापुरतीच वाहतूक आहे, कैद्याला समुद्रापार न्यायलाच हवं असं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनचं नाव तेच राहिलं, आतला कोड उडाला. असं नाव कोडमध्ये राहिलं की पुढे कुणीतरी त्याच्यावर अडखळतंच.

अडखळलं. गांधीहत्येच्या खटल्यात १० फेब्रुवारी १९४९ ला गोपाळ गोडसेला हीच शिक्षा झाली होती. त्याने सुप्रीम कोर्टात अर्ज केला. मुद्दा असा की मला दिलेली शिक्षा आहे वाहून नेण्याची, मला कुठेच नेलं नाही, मग देशातल्या तुरुंगात मला कुठल्या अधिकाराने ठेवलंय? आणि दुसरा मुद्दा, कायद्यात जन्मठेप म्हणजे २० वर्षं धरली आहेत, मिळालेली सूट मोजली तर माझी भरली. माणूस कोण आणि गुन्हा काय हे क्षणभर बाजूला ठेवलं तर वकिली मुद्दा म्हणून तो चटकन उडवून लावण्यासारखा नव्हता.

१९६१ च्या जानेवारीत निकाल लागला. कोर्टाने दोन्ही मुद्दे फेटाळले. तोपर्यंत संसदेने १९५५ ला कायदा दुरुस्त करून 'ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ' च्या जागी 'इम्प्रिझनमेंट फॉर लाइफ' घातलं होतं, आणि १ जानेवारी १९५६ पासून जुन्या शिक्षाही तशाच वाचायच्या असं ठरवलं होतं. कोर्टाने स्पष्ट केलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. आधी सोडायचं की नाही ते सरकारने ठरवायचं, कैद्याने हिशोब करून नव्हे. सरकारने त्याला १९६४ मध्ये सोडलं.

मग ते २० वर्षांचं काय? आजही व्हॉट्सॲपवर 'जन्मठेप म्हणजे १४ वर्षं', 'नाही, २० वर्षं', 'तुरुंगात दिवस-रात्र वेगळे मोजतात' असे मेसेज फिरतात. दिवस-रात्रवाला शुद्ध थापेबाजी. २० चा आकडा खरा आहे, पण तो अपूर्णांकासाठी. काही गुन्ह्यांच्या नुसत्या प्रयत्नाला मूळ शिक्षेच्या निम्मी शिक्षा असते. आता आयुष्याचं निम्मं किती? अनंताला दोनने भागलं तर अनंतच उरतं. म्हणून भागाकारापुरतं जन्मठेपेला २० वर्षं धरायचं, म्हणजे निम्मी १० होतात. १८६० ला हे वाक्य ट्रान्सपोर्टेशनसाठी लिहिलं होतं, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते जन्मठेपेसाठी आहेच. १४ चा आकडा वेगळा. तो १९७८ ला फौजदारी प्रक्रियेत आला, आणि तो कमाल नाही, किमान आहे. ज्या गुन्ह्यांना फाशीही होऊ शकते, त्यातल्या जन्मठेपवाल्याला सरकारनेही सूट देऊन १४ वर्षांच्या आत सोडायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरातलं कुणी आत असेल तर या दोन आकड्यांमधल्या फरकावर लोक आयुष्यं बेततात, म्हणून इतकं सविस्तर सांगितलं.

आता राहिला एक शब्द. इंग्लिशमधून ही शिक्षा गेली. पण मराठीत तिचा एक छोटा भाऊ रोजच्या पेपरात जिवंत आहे, 'तडीपार'. तड म्हणजे काठ. नदीच्या काठापलीकडे, तो तडीपार. काम 'तडीस नेणे' म्हणतो आपण, त्यातलीही तीच तड. एकच काठ, काम तिथे पोचलं की शाबासकी आणि माणूस तिथे पोचवला की शिक्षा. महाराष्ट्र पोलीस कायद्याची ५५ ते ५७ ही कलमं त्यासाठी आहेत. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. यात ना जहाज लागतं ना कंत्राटदार, आणि पहिली दोन कलमं अशी आहेत की त्यांच्याखाली आधी कुठल्या कोर्टाने शिक्षा द्यावी लागते असंही नाही. पोलीस अधिकारी किंवा प्रांत नोटीस देतात, म्हणणं ऐकतात आणि हुकूम काढतात. मग तो माणूस शेजारच्या जिल्ह्यात कुठेतरी खोली घेतो. हुकूम मोडून परत आला तर मात्र तो गुन्हा, मॅग्विचसारखाच, फक्त फाशी नाही.